माळ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकांच्या अंकांबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी मी विषय काढला तर तुम्ही "मी गेल्यावर काय करायचं ते कर" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र. ते मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

दिवाळीनंतर बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार. भाड्याच्या घराला माळा नाही आणि नव्या फ्लॅटच्या नकाशातही मला तो कुठे दिसला नाही. बिल्डर लोकांनी माळा हा प्रकारच बंद केलाय. (बाल्कनीही गेलीय, पण त्यावर आई स्वतंत्रपणे बोलेल.) तेव्हा अंकांचं काय ते आत्ताच ठरवावं लागणार, आणि ते तुम्हीच ठरवायचं. हमाली माझी.

का ते सांगते. गणपतीत आले होते तेव्हा वरचे काही गठ्ठे खाली काढून बघितले. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे, ऐंशीच्या आसपासचे. माझ्या डोक्यात होतं की जुने अंक म्हणजे सगळे सारखेच, पिवळे आणि धुळकट. एका अंकात सर्किटच्या आकृतीवर तुम्ही आर-४ या रेझिस्टरसमोरच्या ४.७ के (किलोओहम) वर शिसपेन्सिलीने काट मारून ४७ के केलंय आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय, "पुढच्या अंकात दुरुस्ती आली आहे. हे न बघता जोडलं तर ट्रान्झिस्टर तापतो." पुढच्या पानावर पीसीबीची, म्हणजे पार्ट जोडायच्या तांब्याच्या रेघांच्या बोर्डाची आकृती, त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला सुईने भोक. पानाचा कोपरा तपकिरी झालेला. तो फेरिक क्लोराइडचा डाग आहे हे मला वासावरून नाही, आठवणीवरून कळलं. कार्बन पेपर ठेवून तांब्याच्या पत्र्यावर आकृती छापायची, रेघांवर नेलपॉलिश फिरवायचं, मग ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडच्या पाण्यात हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळून जायचं आणि नेलपॉलिशखालचं राहायचं. आईची ती गुलाबी बाटली तिने स्वतःच्या नखांना कधी लावली असेल असं मला वाटत नाही.

तर बाबा, हा अंक आता छापखान्यातून आला तसा राहिलेला नाही. याची दुसरी प्रत कुठेच नाही. पण त्याच गठ्ठ्यात असेही अंक होते की ज्यांची वर्गणीची पट्टी काढण्यापलीकडे तुम्ही त्यांना हात लावलेला दिसत नाही. हे दोन्ही एकाच दोरीने बांधून ठेवलेत. आणि यातला फरक मला एखादेवेळी खुणेवरून कळेल, दादाला तेवढाही कळणार नाही. खूण नसलेला पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा अंक तर आम्हा दोघांच्याही हातून सरळ रद्दीत जाईल. "मी गेल्यावर" ही योजना त्यामुळे मला मुळीच मान्य नाही. इतर कारणांनीही मान्य नाही, ती लिहीत बसत नाही.

दादा सॅन होजेहून म्हणतो, सगळं स्कॅन करून टाका. त्याचं काय जातं! तुम्ही वर्षावर्षाचे अंक बाइंडरकडून कापडी पुठ्ठ्यात बांधून घेतलेत. ते उघडून सपाट ठेवायचे तर शिवण उसवते आणि जोरात दाबले नाहीत तर आतल्या कडेची दोन बोटं मजकूर काळोखात जातो. मोबाइलने फोटो काढला की पान किंचित तिरकं येतं. लेख वाचायला ते चालेल, पीसीबीला चालणार नाही. तुम्हीच शिकवलंत ना, आयसीच्या, म्हणजे चिपच्या, दोन पायांत २.५४ मिलिमीटर. १६ पायांची आयसी घेतली तर एका बाजूच्या पहिल्या पायापासून आठव्यापर्यंत १७.७८. प्रिंट पाच टक्के लहान निघालं की शेवटचा पाय जवळजवळ एक मिलिमीटरने चुकतो आणि भोकात जातच नाही. त्यामुळे स्कॅन करायचीच तर तुमच्या खुणांची पानं तेवढी करू, चपट्या स्कॅनरवर, ३०० डीपीआयला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, म्हणजे छापताना माप जुळवता येईल. हजारो पानांची फाइल करून ठेवली तर ती दादा कधी उघडणार आहे का, हे त्यालाच विचारा.

तुमची दुसरी कल्पना होती की सगळे अंक इंटरनेटवर टाकावेत, पोरांना उपयोग होईल. कल्पना मोठ्या मनाची आहे, पण कायद्यात बसत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. स्वतःसाठी पानं काढून ठेवायला कोणाची हरकत नसते. जगासाठी टाकायला आपण मालक नाही.

आता एकेका ढिगाबद्दल माझं मत, पटलं तर घ्या.

'एलेक्टर'. मूळचं हॉलंडचं मासिक, त्याची भारतीय आवृत्ती ऐंशीच्या दशकात मुंबईहून निघायची. त्यांचा तो उन्हाळी जोडअंक तुम्हाला फार प्रिय, शंभरावर सर्किटं एका अंकात. (उन्हाळा त्यांचा. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस आणि तुमचं सोल्डरिंग सर्दलेल्या बोर्डावर.) युरोपातले जुने अंक एलेक्टरने स्वतःच दशकवार डीव्हीडीवर विकले, म्हणजे मजकूर काही बुडणार नाही. भारतीय अंकात जे वेगळं आहे ते जाहिराती! लॅमिंग्टन रोडच्या दुकानांच्या किमतीच्या याद्या, टपालाने टीव्ही दुरुस्ती शिकवणारे वर्ग, किटच्या ऑर्डरचे कुपन. मला लेखांपेक्षा त्याच जास्त वाचाव्याशा वाटल्या. जोडअंक ठेवा. बाकीच्यांतले जाहिरातींसाठी म्हणून थोडे मी घेऊन जाते.

'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'. निवडक सर्किटं त्यांनी नंतर 'इलेक्ट्रॉनिक्स प्रोजेक्ट्स' नावाने खंडांत काढली आणि ते खंड तुमच्या कपाटात आहेत. तेव्हा खूण नसलेला अंक म्हणजे बहुतेक दुसरी प्रत. माळ्यावरचे पुठ्ठ्यात बांधलेले अंक दिसायला छान, पण बाइंडरने खळ लावलीय आणि कसरीला ती खळ फार आवडते. गेल्या खेपेला खालच्या दोन पुठ्ठ्यांच्या पाठी खाल्लेल्या दिसल्या. सुट्या अंकांच्या पिना गंजल्यात, पानं कोपऱ्यात तुटतात. कागदच हलका, तो पिवळा पडणारच. डांबरगोळ्या वाढवून उपयोग नाही, त्याने तुमचा खोकला तेवढा वाढतो.

फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेले 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चे सुटे अंक निःशंक काढून टाका. जुन्या अमेरिकन रेडिओ मासिकांचे ढीगच्या ढीग आता नेटवर बघायला मिळतात. जानेवारी १९७५ चा अंक असता, कव्हरवर अल्टेअर ८८०० हा किटमधला संगणक असलेला, तर गोष्ट वेगळी होती. पण मी सगळी कव्हरं बघितली. तो आपल्याकडे नाही.

वाचनालयांत मी चौकशी केली. त्यांना जागा नाही आणि घ्यायचंच तर सलग संच हवा. मधले अंक गहाळ असलेलं मासिक त्यांच्या काही कामाचं नाही. एका पॉलिटेक्निकच्या ग्रंथपाल बाईंनी सरळ सांगितलं, "मॅडम, आमचीच जुनी मासिकं आम्ही काढतोय." राग मानू नका, त्यांचं बरोबर आहे.

आई, आता तुझ्याकडे येते. या घरात हा प्रश्न कोणी सोडवला असेल तर तू. 'स्त्री' आणि 'माहेर'मधले विणकामाचे नमुने तू कात्रीने कापलेस, जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवलेस, उरलेले अंक रद्दीला घातलेस आणि त्या पैशांची लोकर आणलीस. बाबा तेव्हा दोन दिवस "अंक फाडायचा नसतो" म्हणत घरभर फिरत होते. ती वही आजही चालू आहे. माझ्या जांभळ्या स्वेटरच्या पानावर तुझ्या रेघा आहेत, प्रत्येक ओळीला एक उभी, पाचवी आडवी, आणि खाली "बाहीला ४ टाके कमी घेणे, हात बारीक." माझे हात आता बारीक राहिलेले नाहीत हा भाग वेगळा. या अंकांच्या बाबतीत मी तुझ्या पक्षात आहे. फक्त बाबांकडून अंक फाडून घेऊ नकोस, त्यांना ते जमणार नाही. खुणेचा अंक अख्खा ठेवू.

बाबा, काम असं करू. मी दिवाळीच्या आधी आठवडाभर येतेय. अंक मी खाली काढीन, तुम्ही खुर्चीत बसायचं. एकेक अंक हातात घ्यायचा आणि तीनच गोष्टी सांगायच्या: यातलं काय बनवलं, चाललं का, आणि ते कुणाकडे गेलं. मी मोबाइलवर रेकॉर्ड करते. आत्याच्या भोरच्या घरी तुम्ही टीव्हीचा बूस्टर लावला होतात, सिंहगडावरून येणारं चित्र तिथे मुंग्या मुंग्या दिसायचं म्हणून, तो कुठल्या अंकातला? आजीच्या खोलीतला इमर्जन्सी दिवा? टीबीए ८१० आयसीवाला अॅम्प्लिफायर, ज्याच्यावर सत्यनारायणाच्या पूजेला लताबाई लावायचात आणि शेजारचे भिंत ठोकायचे? हे मला कुठल्याही अंकात छापलेलं मिळणार नाही. ज्या अंकाबद्दल तुम्हाला तिन्हींपैकी एकही सांगता येणार नाही, तो बाहेरच्या ढिगात. हुज्जत नाही. हळहळ वाटली तर चहा घेऊ आणि पुढचा अंक उचलू.

अंकांत खुणेला ठेवलेले कागद मात्र काढू नका. एकात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानाचं रेडिओच्या पार्टचं बिल होतं, बीसी १४८ ट्रान्झिस्टर चार नग, गँग एक, फेराइट रॉड एक. मागे तुमच्या बँकेच्या स्लिपवर आईने लिहिलेली किराण्याची यादी. ते तसंच राहू दे.

समोरच्या बिल्डिंगमधला तो इंजिनिअरिंगचा मुलगा, मागे तुम्हाला स्पीकरचं विचारायला आला होता, त्याला अॅम्प्लिफायरचे आणि पॉवर सप्लायचे अंक निवडून द्या. फुकटचे म्हणून गठ्ठा गळ्यात मारू नका, त्याला बसवून निवडू द्या. बीसी १४८ आता सहसा मिळत नाही, तिथे बीसी ५४७ लावायचा, पण पाय वेगळ्या क्रमाने येतात, हे त्याला तुम्हीच सांगाल. अंकात ते कुठेही नाही.

रद्दीवाल्याला मी येईपर्यंत बोलावू नका. आणि तो आला की तुम्ही दोघं फिरायला जा. तराजूसमोर तुम्ही उभे राहिलात की अर्धे अंक परत घरात येतात, हे वर्तमानपत्रांच्या वेळी पाहिलंय.

ठेवायचे अंक आईच्या लोखंडी ट्रंकेत मावतील तेवढेच. ही अट आईची आहे, मी फक्त कळवतेय.

आई, स्टुलावर चढू नकोस. बाबा, तुम्हीही नाही.

तुमची,
चिमी

ता. क. सुट्या पार्टच्या डब्यांबद्दल मी या पत्रात मुद्दामच काही लिहिलेलं नाही. ते भांडण समोरासमोर करू.