कंबरदुखीला ‘कारण सापडत नाही’ म्हणण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

कंबर आणि पाय दुखतो म्हणून ग्रामीण रुग्णालयात आलेल्या बाईच्या केसपेपरवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं : ‘एलबीए’ (म्हणजे नुसती ‘कंबरदुखी’), डायक्लो या वेदनाशामकाचं इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या. महिनोन्‌महिने हेच चालतं. मग ती उसनवारी करून खासगीत एमआरआय काढते. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली) निघतो, कुणीतरी ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून सांगतं, पट्टा देतं. दुखणं जागच्या जागी.

बल्ज निघणारच. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय एकत्र तपासलेला मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 30 टक्के आणि पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांना बल्ज होता. सरकारी योजनांतून निघणाऱ्या प्रत्येक रिपोर्टाखाली हे वयानुसारचे आकडे छापायला लावा. शाईचाच काय तो खर्च. निदान गॅपच्या भीतीने शेत आणि चालणं सोडून बसणारी माणसं तरी कमी होतील.

आमचं म्हणणं एकच आहे. ज्याला आपण ‘कारण सापडत नाही’ म्हणतो, त्यातल्या बऱ्याच रुग्णांना कुणी टेबलावर आडवं करून तपासलेलंच नसतं. हातोडी, 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (पायाला कंपन जाणवतं का ते पाहायचा धातूचा चिमटा) आणि पंधरा-वीस मिनिटं, इतकंच लागतं.

उदाहरण सांगतो. गुडघ्यावर हातोडी मारली आणि पाय जोरात उडाला, तळव्याला किल्लीने रेघ ओढली आणि अंगठा वर गेला, तर दोष कंबरेत नाही. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या (लंबर) मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खालच्या नसा दबल्या तर पाय सैल पडतो, झटका कमी होतो. पाय कडक होत असतील तर बिघाड वर, छातीच्या किंवा मानेच्या मणक्यात. पण पाय दुखतोय म्हणून एमआरआय लिहिला जातो कंबरेचा. तिथे वयाचा बल्ज असतोच, खापर त्याच्यावर फुटतं, आणि छातीच्या मणक्यातला टीबीचा पू मज्जारज्जू दाबत राहतो. अशा टीबीत छाती साफ असू शकते, त्यामुळे थुंकी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. हाड बरंच पोखरल्याशिवाय एक्स-रेतही काही दिसत नाही. रात्री वाढणारं दुखणं, उतरणारं वजन, संध्याकाळची कणकण आणि एकाच मणक्यावर ठोकलं की कळ, एवढं जुळलं तर पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा, आणि तिथला नमुना काढून सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी चाचणी. योजनेच्या मंजुरीत ‘पूर्ण मणका’ या मागणीला डॉक्टरच्या दोन ओळींच्या नोंदीवर परवानगी मिळाली पाहिजे. आणि निदान व्हायच्या आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी देऊ नये. चार दिवस बरं वाटतं, आजार आत वाढतो.

दुसरी नेहमीची चूक खुब्याची. खुब्याचं दुखणं जांघेतून मांडीत आणि गुडघ्यापर्यंत उतरतं, म्हणून ते ‘सायटिका’ (कंबरेतली नस दबून पायात उतरणारी कळ) म्हणून खपून जातं. गुडघा दुमडून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला की अर्ध्या मिनिटात शंका येते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलमुळे तरुण वयात खुब्याचा गोळा सुकतो. तिथल्या तरुणाची कंबर-मांडी दुखत असेल, तर सिकलसेलसाठी रक्ताची सॉल्युबिलिटी चाचणी आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे हवाच.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या बोअरवेलच्या गावांबद्दल जरा सविस्तर. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. वर्षानुवर्षं त्याहून जास्त गेलं की पाठ लाकडासारखी ताठते, सांधे आखडतात, पुढे नसा दबून पाय लुळे पडतात. तपासायला यंत्र लागत नाही : गुडघे न वाकवता जमिनीला हात टेकतो का, हनुवटी छातीला लागते का, दोन्ही हात डोक्यामागे जातात का. शंका आली तर कंबरेऐवजी कोपर ते मनगट एक्स-रे काढा. तिथल्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठलेला दिसला की निदान जवळजवळ पक्कं. जमलेला चुना काढणारं औषध नाही, म्हणूनच पाणी बदलणं हाच उपचार. या आजाराचा, म्हणजे फ्लोरोसिसचा, राष्ट्रीय कार्यक्रम 2008-09 पासून आहे. पण ओपीडीत बसलेल्या डॉक्टरपुढे त्या गावाच्या पाण्याचा आकडा नसेल तर त्याचा काय उपयोग? पाणीपुरवठा खात्याकडचे आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लावा.

बाईला उकिडवं बसून उठता येत नाही, जिना चढवत नाही, बरगड्या आणि कंबरेची हाडं दाबली की दुखतात : ही ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ झाल्याची लक्षणं. अल्कलाइन फॉस्फेटेज ही रक्ताची स्वस्त चाचणी वाट दाखवते. चाळिशीच्या आतला मुलगा, सकाळी अर्धा तास कंबर धरलेली, हिंडल्या-फिरल्यावर मोकळी, पहाटे दुखण्याने जाग : हा मणक्यांचा संधिवात असू शकतो. त्याला ‘विश्रांती घे’ सांगणं म्हणजे उलटा उपचार. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि नुसतं उभं राहिलं तरी ते दुखणं थांबतं, तर पायाचा रक्तपुरवठा कमी आहे का हे कळायला पावलाची नाडी हाताने पाहा. बसल्यावर किंवा वाकल्यावरच बरं वाटत असेल, तर मणक्यातली नसांची जागा आकसलेली असू शकते.

हे सगळं पाहूनही बहुतेकांत ठराविक कारण मिळणार नाही, हे खरं आहे. त्यांना मात्र तसं स्पष्ट सांगावं. ‘मनाचं आहे’ म्हणू नये. दुखण्याची यंत्रणाच हळवी होते, तेव्हा लागतो हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि तो शिकवणारा माणूस. म्हणून ग्रामीण रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञाचं कायम पद हवं. सरसकट प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरची गोळी) हे उत्तर नव्हे : सायटिकावर ते उपयोगी नसल्याचं 2017 च्या चाचणीत दिसलं, चक्कर मात्र येते.

एक मागणी आजच पुरी होण्यासारखी आहे. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर वेळ तासांत मोजायची असते. अशा वेळी रात्री एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया जिल्ह्यात किंवा शेजारी कुठे होते, ते ठिकाण आणि फोन नंबर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि 108 च्या गाडीत चिकटवा. दर तीन महिन्यांनी कुणीतरी तो नंबर लावून पाहावा.

आपले,
तालुक्याच्या गावी अस्थिरोग, भौतिकोपचार आणि सामुदायिक आरोग्याचं काम करणारे काही जण