तेव्हा सांगायचं राहून गेलं

पट्टाया, रात्रीचा एक वाजत आलाय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बायको झोपली आहे. खिडकीखाली बीच रोडवरच्या गाड्या अजून धावताहेत, आणि पलीकडे काळोखात समुद्र. तो दिसत नाही, लांबवरच्या बोटींचे दिवे तेवढे दिसतात. तुला फोनच करणार होतो. पण हे मला फोनवर बोलता येणार नाही. तू मध्येच विषय बदलशील आणि मी तुला तो बदलू देईन. गेली कित्येक वर्षं आपण हेच करत आलोय. म्हणून कागद घेऊन बसलो.

ऑफिसातली पाच कुटुंबं मिळून आलोय. कोह लार्न बेटावर जाऊन आलो, पाणी सुंदर, मुलं उन्हानं पार काळवंडली. त्याबद्दल एवढं पुरे. मला सांगायचंय ते आज संध्याकाळचं. टूरवाल्याच्या कागदावर आजच्या तारखेपुढे ‘कॅबरे शो’ असं छापलं होतं, आणि त्यावरून आमच्यात दोन दिवस कुजबुज चालू होती. न्यायचं का मुलांना? सासूबाई काय म्हणतील? आपल्या पिढीला कॅबरे म्हटलं की हेलन आठवते, सिनेमातला खलनायकाचा अड्डा आठवतो, आणि घरात टीव्हीवर तसलं गाणं लागलं की वडील पाणी प्यायला उठून जायचे ते आठवतं. खरं तर पॅरिसमध्ये १८८१ साली ‘ल शा न्वार’ नावाचं कॅबरे निघालं, तिथे कवी आणि चित्रकार जमून एकमेकांना कविता ऐकवायचे, गाणी म्हणायचे. पण आपल्याकडे तो शब्द आला तोच मान खाली घालायला लावत.

शेवटी सगळेच निघालो. बस सुटली आणि मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, “सगळे पुरुष आहेत बरं का!” बस हसली. मग एकानं टाळी वाजवून दाखवली. बोटं फाकवून, हातावर हात आडवा मारून वाजवतात तशी. पुन्हा हशा.

ती टाळी मी ओळखतो. तूही ओळखतोस. माझ्या पोटात तिथेच काहीतरी हललं, आणि पुढचा सगळा खेळ मी तुला शेजारी बसवून पाहिला असं समज.

‘टिफनीज’ म्हणतात त्याला. समुद्राला समांतर मागच्या बाजूला सेकंड रोड आहे, त्याच्या उत्तर टोकाकडे हे थिएटर. १९७४ पासून हा खेळ चालू आहे. त्याच रस्त्यावर ‘अल्काझार’ नावाचं दुसरं थिएटर १९८१ मध्ये उभं राहिलं. दोन्हीकडे रंगमंचावर येतात त्या जन्माच्या दाखल्यावर पुरुष असलेल्या, पण स्वतःला बाई मानणाऱ्या, बाई म्हणून जगणाऱ्या कलावती. पर्यटक ‘लेडीबॉय’ म्हणतात. थाई भाषेतला जुना शब्द ‘कथोय’.

पडदा उघडला आणि मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर प्रकाशयोजना. आपल्याला ती सवयच लागलेली ना! एक स्पॉट चुकत नव्हता. जिन्यावरून पिसांचे पंखे घेऊन तीस-एक जणी उतरल्या, एकीचीही नजर पायरीकडे नाही. नृत्य संपून काळोख व्हायचा आणि आपण टाळ्या वाजवतो तेवढ्यात पुढचा सेट लागलेला. थाई दरबार, चिनी नृत्य, कोरियन गाणं, मग एकदम पाश्चात्त्य धाटणीचं काही. तासाभरात देशोदेशीची गाणी होऊन गेली. काही नृत्यं नुसतीच झगमगीत होती, ती मी विसरूनही गेलो. पण मधे एकटीचं गाणं होतं, ते विसरणार नाही.

काळा, साधा, लांब झगा. मागे काही नाही. गाणं अर्थातच रेकॉर्डवरचं, ओठ फक्त तिचे. मला वाटलं होतं की अशा गाण्यात बघण्यासारखं काय असणार? आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, त्यामुळे दिसलं. पुढची ओळ सुरू होण्याआधी ती श्वास घ्यायची. खरा श्वास. गळ्याखालचा खळगा आत जायचा, गळ्यातली साखळी किंचित उचलली जायची, आणि मग सूर. लांब तान असली तर श्वास मोठा, दोन शब्दांमध्ये असला तर चोरून घेतलेला. त्या श्वासाचा आवाज कुणाला ऐकू जाणार नव्हता, गाणं तिच्याशिवायही वाजलंच असतं. तरी ती गाणारीचं सगळं शरीर गाण्याला देत होती. शेजारी बसलेली माझी बायको हळूच म्हणाली, “हिला आतून येतंय रे.”

आणि मग हिंदी गाणं लागलं. घागरा, ओढणी, बांगड्या. आमच्या रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या, आपली माणसं उभी राहून नाचायला लागली, ते ठीकच होतं, आनंदच होता तो. पण मी पाहत होतो डावीकडून दुसऱ्या नर्तकीकडे. गिरकी घेताना तिची ओढणी खांद्यावरून घसरली. तिनं खाली पाहिलं नाही. दोन बोटांनी, अंगठा न लावता, ओढणी जागेवर सरकवली आणि त्याच हाताची पुढची मुद्रा केली.

दोन बोटांनी, अंगठा न लावता.

आठवलं तुला? गॅदरिंगच्या नाटकात काम करणारी मुलगी घरच्यांनी ऐनवेळी काढून घेतली, आणि सर म्हणाले प्रयोग रद्द, तेव्हा तू उठून म्हणालास, “मी करतो.” आठ दिवस होते हातात. तू आत्याकडे जाऊन नऊवारी नेसायला शिकून आलास. रोज रात्री हॉस्टेलच्या व्हरांड्यात लुगडं नेसून चालायचास, कारण ओच्यात पाय अडकला की बाई कशी सावरते ते तुला कळायला हवं होतं. आणि मला दाखवलं होतंस, “हे बघ, पदर ओढून घेतला तर तो पुरुष. बाई पदर दोन बोटांनी उचलते, अंगठा लागत नाही, कारण तिचं लक्ष पदराकडे नसतंच, समोरच्याकडे असतं.” माझ्याकडे प्रॉम्प्टिंगची वही होती. प्रयोगाच्या रात्री मी विंगेतून तुला पाहिलं. दुसऱ्या अंकात मुलाची चिठ्ठी वाचून तू वळतोस, काही बोलत नाहीस, फक्त पदर सावरतोस. त्या क्षणी मी वही खाली धरली होती. ओळ विसरलास असतास तर मला सांगता आली नसती, कारण मी नाटक पाहत होतो.

तेव्हा समोर प्रेक्षकांत शिट्ट्या चालल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कुणीतरी ती टाळी वाजवली, तुला ते नाव दिलं. ते मी इथे लिहिणार नाही. तीन वर्षं पुरलं ते नाव. पुढच्या वर्षी तू म्हणालास, अभ्यास आहे, नाटक नको. त्यानंतर तू कधी रंगमंचावर चढला नाहीस, आणि का चढला नाहीस हे मी तुला कधी विचारलं नाही. कारण विचारायला तोंड नव्हतं. त्या नावानं मीही तुला हाक मारली आहे. दोनदा की दहादा, मोजलं नाही. पहिल्यांदा मारली तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, ते मात्र मला अजून लख्ख आठवतं.

आता नीट लिहितो, कारण यात गल्लत व्हायला नको. तू नट होतास. भूमिका केलीस, रंग पुसलास, उतरलास. इथल्या कलावतींचं तसं नाही. रंग पुसल्यावरही त्या बाईच असतात, ते त्यांचं जगणं आहे. दोन गोष्टी वेगळ्या. पण हसणारा माणूस तोच असतो रे. त्याला फरक करायचा नसतो. आपल्याकडेच पाहा. बालगंधर्वांनी शालू नेसला तर घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या, खुद्द लोकमान्यांनी दिलेलं नाव त्यांना आयुष्यभर शोभलं, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे. आणि गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या असा रंगवला की त्याला तोड नाही, तर लोकांनी तो नाच्या थेट त्यांच्या घरापर्यंत नेऊन पोचवला, बायको-मुलं असलेल्या माणसाच्या मागे ते हसणं जन्मभर लागलं. दोघंही कलेत तितकेच खरे. नाटकातल्या नायिकेला आपण मान दिला आणि फडातल्या नाच्याला शिट्टी दिली. तुला त्या दिवशी शिट्टीच मिळाली, आणि मानाचं जे काही देणं होतं ते द्यायला विंगेत मी एकटाच होतो. मी ते दिलं नाही.

खेळ संपल्यावर सगळ्या कलावती बाहेरच्या पायऱ्यांवर उभ्या राहतात. तुरे, पिसं, मणी सगळं अंगावर. लोक फोटो काढून घेतात आणि त्यांना पैसे देतात, साधारण शंभर बाथ. आमच्यातल्या एक-दोघांनी फोटो काढताना जे हात टाकले आणि जे बोलले, त्यानं मला शरम वाटली. त्या हसत होत्या, पण हसता हसता खांदा कसा सोडवून घ्यायचा हे त्यांना पाठ होतं. मी त्या ओढणीवालीला शोधलं. कडेच्या कठड्याला टेकून तिनं एक सँडल काढली होती. टाचेवर चिकटपट्टी, तिच्या कडेनं थोडं रक्त झिरपलेलं, आणि तिच्यावर पुन्हा कातडीच्या रंगाचा मेकअप चोपडलेला, लांबून दिसू नये म्हणून. मला पाहून तिनं पटकन सँडल चढवली, सरळ उभी राहिली आणि हात जोडून “नमस्ते” म्हणाली. मी फोटो काढला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तुमची ओढणी घसरली तेव्हा तुम्ही ती जशी उचललीत, ते फार सुंदर होतं. तिला आधी कळलंच नाही. मग मी दोन बोटांनी खांद्यावर करून दाखवलं. ती हसली, या वेळी वेगळं हसली, आणि म्हणाली की ते मी आईचं बघून शिकले.

पुढे काही बोलता आलं नाही. तिला पुढच्या खेळाला आत जायचं होतं.

खोलीवर आलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून फोनवर वाचत बसलो. थायलंडमध्ये दर एप्रिलला एकविशीतल्या पुरुषांना सैन्यभरतीच्या सोडतीला हजर राहावं लागतं. लाल चिठ्ठी आली की भरती, काळी आली की सुटका. कागदावर पुरुष म्हणून यांनाही तिथे, हजार लोकांच्या देखत, जाऊन उभं राहावं लागतं. पूर्वी यांना सूट देताना दाखल्यावर ‘कायमचा मानसिक विकार’ असा शेरा मारत. तो कागद नोकरी मागताना दाखवावा लागायचा, म्हणजे शेरा जन्मभर सोबत. एकीनं दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयानं तो शेरा चुकीचा ठरवला. आपल्याकडे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपण कोण आहोत हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी वाचत होतो आणि मला सारखं हॉस्टेल दिसत होतं. तुझ्यावरही आम्ही शेराच मारला होता. तो खोडायला तू कुठल्या न्यायालयात जाणार होतास?

तर ऐक. तीस वर्षं उशीर झालाय. त्या रात्री तू फार मोठं काम केलंस. त्या वयात, आठ दिवसांत, तसं काम मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही, आणि त्यानंतर मी नाटकं पुष्कळ पाहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी उठून तुझ्या खोलीत येऊन हे सांगायचं, एवढंच माझं काम होतं. त्याऐवजी मी त्या टोळक्यात जाऊन बसलो, कारण माझ्यावर कुणी हसू नये अशी मला भीती होती. मला माफ कर म्हणायला जीभ जड होते, पण लिहितोय. मला माफ कर. आणि उत्तर लिहायचं नसेल तर नको लिहूस, तुझा राग मला कबूल आहे.

एक गोष्ट मात्र तुला द्यायची आहे. त्या प्रयोगाचा एक फोटो माझ्याकडे आहे. तुला माहीत नाही. फोटोवाल्यानं नंतर कॉलेजात सगळे फोटो विकायला मांडले होते, तेव्हा मी तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून घेतला, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. तुला द्यायला हवा होता, तो पेटीतच राहिला. कडा पिवळ्या पडल्यात, पण तू स्पष्ट दिसतोस. चिठ्ठी डाव्या हातात आहे, तोंड अर्धं वळलेलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं पदरावर.

रविवारी परत येतोय. पुढच्या शनिवारी घरी असशील तर तो घेऊन येतो.

तुझा,
विंगेतला सोबती