नाव गाळले, ओळख मात्र सांगितली : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : लैंगिक गुन्ह्यांतील पोलिसांच्या प्रेस नोटसाठी एकच बंधनकारक नमुना ठरवण्याबाबत

महोदय,

पोलीस ठाण्यातून पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या प्रेस नोटमध्ये अनेकदा गावाचे नाव असते. मुलीचे वय, ती कितवीत शिकते, वडिलांचा धंदा, आरोपीचे पूर्ण नाव आणि त्याचे तिच्याशी नाते, हेही असते. गाळलेले असते ते फक्त मुलीचे नाव. दोन हजार वस्तीच्या गावात एवढ्यावरून घर कोणते ते शेंबडे पोरही सांगेल. मग उपसंपादक शेवटी 'नाव बदलले आहे' अशी ओळ टाकतो आणि कायदा पाळला गेला असे सगळेच धरून चालतात.

कायद्याने फक्त नावाला मनाई केलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये नाव 'किंवा जिच्यामुळे ओळख पटू शकेल अशी कोणतीही बाब' असा व्याप आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी आहे. 11 डिसेंबर 2018 च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील देऊ नये, असे स्पष्ट केले. पोक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा आणि शेजार एकेक करून नमूद आहेत, आणि बातमीदाराच्या चुकीला प्रकाशक व मालकही जबाबदार धरले आहेत. त्याच कायद्याच्या कलम 24(5) ने मुलाची ओळख माध्यमांपासून जपण्याचे काम थेट पोलिसांवर टाकले आहे. बातमी चुकली की बोट बातमीदाराकडे दाखवले जाते. पण तपशील मुळात ज्या कागदातून बाहेर पडला, तो कागद कोणी तपासत नाही.

सर्वात घातक प्रकार घरातल्या गुन्ह्यांचा आहे. आरोपी बाप, सावत्र बाप, काका किंवा आजोबा असतो. एक वर्तमानपत्र आरोपीचे नाव छापते आणि नाते गाळते. दुसरे 'नराधम बापाचे कृत्य' असा मथळा करते आणि नाव गाळते. दोघेही आपापल्या जागी सावध असतात, पण वाचकाच्या हातात दोन्ही बातम्या आल्या की कोडे सुटते. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांच्या आचारसंहितेत यावर एकच वाट ठरवली आहे : प्रौढ आरोपीचे नाव देता येते, पण त्याचे मुलाशी असलेले नाते सूचितही करायचे नाही. सगळे एकाच वाटेने गेले तरच हा नियम चालतो. आपल्याकडे ती वाट संपादक एकेकटे ठरवू शकणार नाहीत, ती प्रेस नोटमध्येच ठरली पाहिजे. आमच्या मते, नाते सांगितल्याशिवाय गुन्ह्याचे गांभीर्य कळत नसेल, तर नाते सांगावे आणि आरोपीचे नाव, गाव, आडनाव तिन्ही रोखावे. आरोपी आणि मुलीचे आडनाव बहुतेकदा एकच असते, हे आवर्जून सांगायला लागते, कारण नेमके तेच राहून जाते.

बदलापूर, ऑगस्ट 2024. शाळेत बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार, आणि शाळेचे नाव बातम्यांत सर्रास. शाळेला जाब विचारणे गरजेचे होते, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी पोक्सोनेच दार ठेवले आहे : बालकाच्या हिताचे असेल तर विशेष न्यायालय कारणे लेखी नोंदवून ओळख उघड करायला परवानगी देऊ शकते. अशा अर्जासाठी सरकारी वकिलांनी पुढाकार घ्यावा, असे निर्देश आपले खाते देऊ शकते. त्याच महिन्यातल्या कोलकात्याच्या डॉक्टरवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात मृत तरुणीचे नाव आणि छायाचित्रे काढून टाका, असा आदेश 20 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. तोवर तिचे नाव हॅशटॅग बनून देशभर फिरले होते. पीडिता हयात नसली तरी संरक्षण संपत नाही. नातेवाइकांनी कॅमेऱ्यासमोर नाव घेतले म्हणजे छापायला परवानगी मिळाली, हा समजही चुकीचा आहे. त्यासाठी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो.

कलम 72 बलात्कार आणि त्याच्या प्रकारांपुरते आहे. प्रौढ स्त्रीच्या विनयभंगाची फिर्याद त्यात येत नाही. म्हणून नमुना करताना केवळ कलमांकडे पाहू नये, विनयभंग आणि पाठलागाच्या फिर्यादींनाही तो लावावा.

प्रेस नोटमधले आणखी एक वाक्य खटल्याच्या मुळावर येते : 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 नुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. न्यायालयात जिचा उपयोग नाही ती गोष्ट गावभर पोचते, आणि पुढे आरोपी सुटला तर लोकांना न्यायाधीश विकला गेला असे वाटते. छायाचित्राचेही तसेच. ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून आरोपीला ओळखण्याची चाचणी, व्हायच्या आधी आरोपीचा चेहरा वाहिन्यांवर दिसला, तर बचाव पक्ष साक्षीदाराला एकच प्रश्न विचारतो, टीव्हीवर पाहिला होता का? तिथे परेडचे मोल संपते. मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या निलेश नवलखा निकालात वाहिन्यांना पोलिसांपुढचे कबुलीजबाब ग्राह्य पुरावा असल्यासारखे दाखवण्यापासून आणि गुन्ह्याची नाट्यरूपांतरे दाखवण्यापासून रोखले. तपास यंत्रणांनी एक अधिकारी नेमून ठराविक काळाने माहिती द्यावी, असेही सुचवले. 13 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या माध्यम-माहितीसाठी नियमपुस्तिका करायला केंद्राला सांगितले. तरी पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. एक परिपत्रक काढायला राज्याला दिल्लीकडे बघायचे कारण नाही.

परिपत्रकात काय हवे, ते नेमके सांगतो. ग्रामीण भागात गावाऐवजी तालुका आणि शहरात गल्लीऐवजी पोलीस ठाण्याची हद्द द्यावी. वय आकड्यात न देता 'अल्पवयीन' किंवा 'प्रौढ' एवढेच लिहावे. शाळा, इयत्ता, पालकांचा व्यवसाय, जात, वसतिगृह, घटनास्थळाचे छायाचित्र यांपैकी काही नको. फिर्यादी आईवडील असतील तर त्यांचेही नाव नको. नोट ठाण्यातून थेट ग्रुपवर जाऊ नये. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने वाचून, सही करूनच ती जावी. फिर्यादीची प्रत तर मुळीच जाऊ नये. संकेतस्थळावर प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) टाकण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशातून लैंगिक गुन्हे वगळलेलेच आहेत, पण मोबाइलवर काढलेला त्याच कागदाचा फोटो फिरत राहतो.

चूक झालीच तर ती निस्तरायची रीतही लिहून ठेवावी. मजकुरातून नाव काढले तरी ते बातमीच्या लिंकमध्ये, फोटोच्या फाइलच्या नावात आणि यूट्यूबच्या थंबनेलवर शिल्लक राहते. म्हणून सायबर पोलिसांच्या नोटिशीत या तिन्ही जागांचा वेगळा उल्लेख हवा, आणि मूळ प्रेस नोट ग्रुपवरून मागे घेऊन सुधारित नोट त्याच दिवशी जायला हवी. विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांच्या, प्रकरणांनाही हेच लागू करावे. बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 त्यांनाही संरक्षण देते. मे 2024 मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर लोकांचा संताप एवढा होता की हे कलम कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

असा नमुना एका पानात मावतो. आपल्या खात्याने कळवले तर त्याचा कलमवार मसुदा आम्ही आठ दिवसांत पोलीस महासंचालक कार्यालयाकडे पाठवू.

आपले,
माध्यम-कायदा शिकवणारे आणि न्यायालयीन वार्तांकन करणारे काही जण