आईच्या पायाचं माप

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आज 27 किलोमीटर चालले. बाबा, तुमच्या हिशेबात सांगायचं तर जवळजवळ पुणे-सासवड. फक्त इथे एकच मोठा दिवेघाट नाही, लहान लहान चढ दिवसभर येत राहतात. एक संपला म्हणून श्वास घ्यावा, तर समोर उतार आणि उताराच्या पलीकडे पुढचा चढ.

ही वाट म्हणजे व्हिया फ्रान्चिजेना, इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारी यात्रेकरूंची वाट. सन 990 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक पोपच्या हातून आपल्या पदाचं मानाचं उपरणं घ्यायला रोमला गेले होते. परतताना कुठे कुठे मुक्काम केला, ती 79 गावं त्यांनी लिहून ठेवली. आजची वाट त्याच यादीच्या आधाराने आखली आहे. मी इटलीच्या तोस्काना भागातले चारच दिवस चालतेय, सुट्टी तेवढीच मिळाली.

सकाळी सहाला सान जिमिन्यानो सोडलं. तिथे जुन्या श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने बांधलेले उंच मनोरे आहेत, त्यांतले 14 अजून उभे आहेत. तासभर चालून मागे पाहिलं तरी ते दिसतच होते. वाट पांढऱ्या खडीची, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. मामाच्या तासगावच्या बागेसारखा मांडव नाही इथे. वेली तारांवर सरळ ओळीत धरतात, त्यामुळे सावली म्हणून मिळत नाही. पण गव्हात लाल पॉपी फुलल्या होत्या आणि वारा आला की ऑलिव्हची अख्खी टेकडी चंदेरी व्हायची. आई, तू हवी होतीस, असं मी मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

अयानोच्या जुन्या गिरणीजवळ एक ओढा लागतो. ओलांडायला दगड टाकलेत, पण पावसाने मधले दोन पाण्याखाली गेले होते. बूट काढून गळ्यात अडकवले आणि उतरले. पलीकडे घाईघाईत ओल्या पायांवरच मोजे चढवले, तिथे चुकलं. क्वार्ताया गाव येईपर्यंत डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. चर्चच्या पायरीवर बसून तू दिलेली खोबरेलाची बाटली काढली, तर तेल थिजून पांढरं झालेलं. मुठीत धरून बसले. कडेकडेने ते हळूहळू पातळ व्हायला लागलं आणि वास आला. आपल्या न्हाणीघराचा वास, दिवाळीच्या पहाटेचा. समोरच्या घरातल्या आजींनी न मागता पाण्याची बाटली भरून दिली आणि माझ्या टाचेकडे बघून म्हणाल्या, "पियानो, पियानो." म्हणजे हळूहळू जा.

तशीच हळूहळू संध्याकाळी अबादिया अ इसोलाला पोचले. मठ 1001 सालचा. इसोला म्हणजे बेट. पूर्वी भोवती दलदल होती म्हणून हे नाव पडलं, आता तिथे शेतं आहेत. मठ व्हायच्या आधी सिगेरिकही याच जागी मुक्कामाला होते. मठाला लागूनच यात्रेकरूंची धर्मशाळा आहे, स्वयंसेवक चालवतात.

जेवणाआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना ओळीने बसवलं आणि पाय धुतले. बाबांच्या वयाचे एक गृहस्थ माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. कोमट पाणी घातलं, फोडाला धक्का न लावता पाऊल पुसलं, आणि पावलाचं चुंबन घेतलं. मला पाय मागे घ्यावासा वाटला, पण घेता आला नाही. नुसती रडत राहिले.

कारण आई, मला तू दिसलीस. बाबा पंढरपूरहून आले की तू त्यांना दारातच थांबवायचीस, पायांवर पाणी घालायचीस आणि मग पाया पडायचीस. इतके दिवस आजीचं दुखणं, आमच्या शाळा, गळणारं छप्पर, सगळं एकटीने ओढून तू तांब्या हातात घेऊन उभी असायचीस. "पुढच्या वर्षी मी जाईन," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तुझ्या पायांवर कोणी पाणी घातलेलं मला आठवत नाही. बाबा, हा तुम्हाला दोष नाही. मीही तिथेच होते, मलाही कधी सुचलं नाही.

आषाढात दोन आठवडे येतेय, रजा मंजूर झाली आहे. लोणंद ते तरडगाव हा लहान टप्पा, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. तेवढं आई आणि मी चालणार. बाबा, तुमच्या गुडघ्याला जमेल तिथून तुम्ही सामील व्हा. माउलींपुढे आईला कसं चालायचं ते तुम्हीच शिकवा. घरी आल्यावर तांब्या मी घेईन.

इथे चालायचे बूट चांगले मिळतात. आईला कागदावर उभी करून पेन्सिलीने दोन्ही पावलं आखून घ्या, आणि फोटो पाठवू नका, कागदच पोस्टाने पाठवा. फोटोत माप चुकतं. पाऊल संध्याकाळी आखा, दिवसभराच्या कामाने ते थोडं सुजलेलं असतं.

तुमची,
ताई