पालथा पत्ता

मा. संपादक,

मुलांच्या मोबाइल-वेडावर तावातावाने पत्रं लिहिणारी मी. आता ६३व्या वर्षी नातवाने ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ हा चित्रांचे पत्ते जमवायचा खेळ फोनवर टाकून दिला आणि मीच अडकले! दर १२ तासांनी एक पाकीट फुकट, आत ५ पत्ते. वरच्या कडेवरून बोट ओढलं की पाकीट फाटतं. मी आधी ते उलटं करून घेते, म्हणजे पत्ते पालथे येतात. शेवटचा उलगडताना छातीत धडधडतं. दोनाहून जास्त पाकिटं साठत नाहीत, म्हणून सकाळी बीपीची गोळी घेताना एक, रात्रीची घेताना दुसरं. गोळी आता चुकत नाही. डाव खेळणं मला जमत नाही, जमवायचंही नाही. पैसे म्हणाल तर छदामही घातलेला नाही. काल पिकाचूचा पत्ता चौथ्यांदा आला, तरी नातवाला फोन केलाच.

– एक आजी