गुगलवर न सापडणारे प्रसिद्धिपत्रक: दुरुस्ती आणि परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
प्रसिद्धिपत्रक वितरण सेवा, मुंबई

विषय: दिवाळी फराळ परदेशी पाठवण्याच्या सेवेचे प्रसिद्धिपत्रक

महोदय,

आपल्या ‘सर्च ऑप्टिमाइझ्ड’ (गुगल शोधात सहज सापडेल अशा) पॅकेजचे पैसे आम्ही आगाऊ भरले. जे प्रसिद्ध झाले ते शोधात येणे शक्यच नाही. कारणे खाली देत आहोत. आपल्या तांत्रिक विभागाने ती स्वतः तपासून पाहावीत.

आम्ही दिलेला मथळा होता, ‘दादरहून अमेरिका, दुबईला दिवाळी फराळ कुरिअरने’. आपण तो बदलून ‘खमंग परंपरेची सातासमुद्रापार झेप’ केला. परदेशी मुलाला फराळ पाठवू पाहणारी आई गुगलवर ‘झेप’ शोधत नाही. ती फराळ, कुरिअर आणि देशाचे नाव टाकते. यांतला एकही शब्द मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात नाही. शिवाय पानाच्या टायटल टॅगमध्ये (शोधाच्या यादीत दिसणाऱ्या शीर्षकात) सुरुवातीला आपल्या पोर्टलचे लांबलचक नाव आहे, त्यामुळे मोबाइलवर मथळा अर्ध्यात तुटतो.

सर्वांत गंभीर चूक मजकुराची आहे. आम्ही युनिकोडमध्ये (सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतात) पाठवलेला मजकूर आपल्याकडे छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये नेला गेला आणि तिथून परत युनिकोडमध्ये आणला गेला, असे दिसते. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतरात हा क्रम चुकला की ‘दिवाळी’चे ‘दविाळी’ आणि ‘चिवडा’चे ‘चविडा’ होते, आणि आपल्या पानांवर नेमके तेच आहे. यंत्राच्या लेखी हा वेगळाच शब्द. काही पोर्टलवर तर पत्रकाचा नुसता जेपीजी फोटो आहे, खाली एक ओळही मजकूर नाही. पानावर ‘दिवाळी’ हा शब्द शोधून पाहा. सापडला नाही, तर पान दुरुस्त करायला हवे.

लिंक्सबाबत आपण आम्हाला थेट धोक्यात घातले आहे. ‘फराळ मुंबई’ हेच शब्द पहिल्यानंतरच्या प्रत्येक परिच्छेदात लिंक केले आहेत, तेही नोफॉलो किंवा स्पॉन्सर्ड (ही लिंक क्रमवारीसाठी धरू नये, असे गुगलला सांगणाऱ्या खुणा) न लावता. वितरित प्रसिद्धिपत्रकांतील अशा कीवर्ड (शोधशब्दांच्या) लिंक्स गुगलने २०१३ मध्येच लिंक स्कीमच्या, म्हणजे क्रमवारी वाढवण्यासाठीच्या नियमबाह्य लिंक्सच्या, उदाहरणांत घातल्या. व्यवसायाच्या नावाची एकच लिंक पुरे होती, आणि ती मुख्यपानावर न जाता ऑर्डरच्या पानावर जायला हवी होती.

अहवालात ‘साठ पोर्टलवर प्रसिद्धी’ लिहिले आहे. तोच मजकूर साठ ठिकाणी असला तरी गुगल बहुधा त्यातली एखादीच प्रत दाखवते. त्यांतल्या अनेक पानांच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) नोइंडेक्स ही सूचना आहे, म्हणजे ती शोधात येणारच नाहीत. ती मोजणे फसवे आहे. ‘मेटा कीवर्ड्स’साठी (पानाच्या कोडमध्ये लपवलेल्या शोधशब्दांच्या टॅगसाठी) वेगळी रक्कम लावली आहे, वेब क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. ती रक्कम पूर्ण परत हवी.

आमच्या मागण्या:

मूळ मथळा आणि मूळ युनिकोड मजकूर जसाच्या तसा लावावा. फोटोतल्या पत्रकांखाली पूर्ण मजकूर टाकावा. कीवर्ड लिंक्स काढून उरलेल्या एका लिंकला स्पॉन्सर्ड लावावे. नोइंडेक्स पाने वगळून, प्रत्येक पानाच्या पत्त्यासह सुधारित अहवाल द्यावा.

परदेशी पार्सलच्या ऑर्डर दिवाळीच्या बऱ्याच आधी बंद कराव्या लागतात. म्हणून हे सर्व सात दिवसांत व्हावे. न झाल्यास करारातील परताव्याच्या कलमानुसार पॅकेजची संपूर्ण रक्कम परत करावी.

आपले,
फराळ उत्पादक, दादर (पश्चिम), मुंबई