पंप घेण्याआधी

लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई फोनवर म्हणाली, रविवारी पंपवाल्याला बोलावलंय. जरा थांबा.

गच्चीतली टाकी डोक्यावरच असताना पाणी कमी कसं, असं तुम्ही विचारलंत. उलट म्हणूनच कमी. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी उंच, तितका दाब. 10 मीटरला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). आपल्या चौथ्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम 3 मीटर मिळतात, म्हणजे 0.3 बार. तळमजल्यावर तीच टाकी 1.5 देते. तिथे बादली भरते तोवर आपला तांब्या!

महापालिकेला शिव्या देऊन उपयोग नाही. तिचा दाब खालच्या टाकीपाशी संपतो. पुढचं सगळं सोसायटीचं. (इथे पाणी कंपनीला रस्त्यातल्या जोडणीपाशी निदान 7 मीटर दाब द्यावाच लागतो. तेवढ्या दाबानं आपली गच्ची काही गाठता येणार नाही.)

पण हे 3 मीटर तर पहिल्यापासूनचे. आई म्हणते, धार बारीक झाली ती दिवाळीनंतर. टाक्या धुतल्या त्याच सुमारास ना? मग माझा पहिला संशय गच्चीवरच्या व्हॉल्व्हवर: धुताना बंद केला आणि नंतर अर्धाच उघडला. वॉचमनला सोबत घेऊन आपल्या लाइनचा बघा. स्वयंपाकघरात नीट आणि बाथरूममध्येच रडत असेल, तर शॉवरची चकती आणि नळाची जाळी काढून घासा, गंजाचे कण अडकतात. दोन्हीकडे रड असेल आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल, तर जुना जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बहुधा आतून गंजून अरुंद झालाय. तो बदलायचा खर्च जिवावर येईल, पण चोंदलेल्या पाइपला पंप लावणं मला पटत नाही.

पंप लागलाच, तर छोटा, नळ उघडल्यावर आपोआप सुरू होणारा घ्या, आणि तोही टाकीनंतर, फक्त आपल्या घराच्या फाट्यावर. सामाईक पाइपवर लावलात तर शेजाऱ्यांचं पाणी ओढाल. सेक्रेटरींना आधी विचारा. आणि "खाली मेन लाइनलाच जोडून देतो" असं पंपवाला म्हणाला तर चहा न देता वाटेला लावा. ते बेकायदा आहेच. शिवाय लाइन कुठे गळकी असली तर पंपाच्या ओढीनं बाहेरचं घाण पाणी आत येतं.

व्हॉल्व्हचा फोटो पाठवा. गच्चीची लोखंडी शिडी मात्र वॉचमनलाच चढू दे.

तुमचा,
मंदार